मोबाइल ॲपच्या डिपेंडन्सी अपडेट ठेवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिपेंडन्सी म्हणजे आपलं ॲप ज्यांच्यावर अवलंबून असतं अशा लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड. अँड्रॉइड, आयओएस, फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह या चारही ठिकाणी काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. एखादी गोष्ट एकाच प्लॅटफॉर्मला लागू असेल तर तिथे तसं सांगितलं आहे.

ॲप व्यवस्थित चालतंय. मग चालत्या लायब्ररीला हात कशाला लावायचा?

तुम्ही ॲप बदललं नाही तरी त्याच्या आजूबाजूचं सगळं बदलत राहतं. फोनची ऑपरेटिंग सिस्टिम दरवर्षी नवी येते, कंपायलर आणि बिल्ड टूल्स (कोडपासून ॲप तयार करणारी साधनं) पुढे सरकतात, प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर आपापले नियम कडक करत जातात. यातला स्टोअरचा नियम सर्वांत आधी गळ्याशी येतो, कारण त्याला तारीख असते.

गूगल प्लेने ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी ॲप्स आणि अपडेट्स अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय लेव्हल ३५, टार्गेट करणारी असावीत अशी अट घातली. पाठोपाठ १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं टार्गेट करणाऱ्या ॲप्सना १६ केबीची मेमरी पेज साइझ (फोन ज्या तुकड्यांत मेमरी वाटतो त्यांचा आकार) चाललीच पाहिजे, हा नियम आला. हा दुसरा नियम अनेकांना अनपेक्षित ठिकाणी लागतो. तुम्ही स्वतः सी++ची एक ओळही लिहिलेली नसेल, पण डेटाबेस एन्क्रिप्ट करणारी, पीडीएफ दाखवणारी किंवा व्हिडिओ कापणारी लायब्ररी आपल्यासोबत नेटिव्ह एसओ फाइल (सी किंवा सी++ मधून आधीच कंपाइल केलेला कोड) घेऊन येते. ती फाइल जुन्या पद्धतीने कंपाइल झालेली असेल तर तुमच्या कोडमध्ये काहीही करून उपयोग नाही. त्या लायब्ररीचं नवं व्हर्जनच घ्यावं लागतं. ॲपलनेही १ मे २०२४ पासून ठरावीक एपीआय (सिस्टिमच्या सोयी) का वापरतो याची कारणं प्रायव्हसी मॅनिफेस्ट या गोपनीयतेच्या फाइलमध्ये नोंदवणं सक्तीचं केलं. शिवाय लोकप्रिय एसडीकेंची (ॲपमध्ये घालायला मिळणाऱ्या तयार कोडच्या संचांची) एक यादी काढली. अलामोफायर, लॉटी, फ्लटर अशी ओळखीची नावं त्यात आहेत. यादीतला एसडीके ॲपमध्ये नव्याने घेताना त्याच्यासोबत त्याचं स्वतःचं मॅनिफेस्ट असावं लागतं, आणि ते अर्थातच नव्या व्हर्जनमध्येच मिळतं.

अशी तारीख आली की एक व्हर्जन मागे असलेला माणूस एक आकडा बदलतो आणि टेस्टिंगला लागतो. तीन वर्षं मागे असलेल्याला मात्र त्या एका लायब्ररीसाठी कोटलिन (अँड्रॉइडची भाषा) वर न्यावं लागतं, कोटलिनसाठी ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड टूल), ग्रेडलसाठी जावा, आणि जावा बदलली की आणखी चार प्लगिन रुसतात. तारीख स्टोअर ठरवतं. त्या दिवशी आपण किती मागे असायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

सर्व्हर किंवा वेबसाइटच्या तुलनेत मोबाइलमध्ये अपडेटचं काम वेगळं कसं?

मागे फिरता येत नाही, हा मुख्य फरक. सर्व्हरवर नवं व्हर्जन बिघडलं तर जुनं परत चढवता येतं. मोबाइलमध्ये बिघडलेला बिल्ड लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसलेला असतो. मागे जायचं म्हणजे जुना कोड मोठ्या व्हर्जन नंबरने पुन्हा बिल्ड करून स्टोअरकडे पाठवायचा, रिव्ह्यू होईपर्यंत थांबायचं आणि मग वापरणाऱ्याने तो घेण्याची वाट पाहायची. दरम्यान नव्या लायब्ररीने फोनवरच्या डेटाबेसचं मायग्रेशन (जुन्या रचनेतून नव्या रचनेत बदल) केलेलं असेल, तर जुन्या कोडला तो डेटाबेस वाचताही येणार नाही.

म्हणून टप्प्याटप्प्याने रिलीज करणं डिपेंडन्सी अपडेटच्या वेळी टाळू नका. ॲप स्टोअरचं फेज्ड रिलीज सात दिवसांचं असतं: १, २, ५, १०, २०, ५० आणि मग १०० टक्के. प्लेवर टक्केवारी आपण ठरवतो. थांबवलं तरी ज्यांच्याकडे ते आधीच पोहोचलं त्यांच्याकडून काढून घेता येत नाही, पण बाकीचे वाचतात.

अपडेट किती दिवसांनी करायचे?

ठरलेल्या लयीत, आणि रिलीज सायकलच्या सुरुवातीला. एक रिलीज स्टोअरकडे गेला की लगेच पॅच आणि मायनर अपडेट (छोट्या दुरुस्त्या आणि छोट्या सोयी) मेन ब्रँचवर, म्हणजे टीमच्या मुख्य कोडमध्ये, घ्या. मग पुढचे काही दिवस किंवा आठवडे टीममधला प्रत्येक जण आणि टेस्टिंग करणारे नकळत त्याच नव्या व्हर्जनवर काम करत राहतात. इतकी चांगली चाचणी वेगळी ठरवून होत नाही. हेच अपडेट रिलीजच्या आदल्या दिवशी घेतले तर ही सगळी तपासणी हातची जाते.

मेजर, म्हणजे मोठ्या बदलांच्या, व्हर्जनचा वेगळा विचार करा. त्याला स्वतःची ब्रँच आणि स्वतःचा अंदाजपत्रकातला वेळ हवा. सुरक्षेची दुरुस्ती मात्र कोणत्याही लयीची वाट पाहत नाही.

व्हर्जन नंबरवर कितपत विसंबायचं?

सिमॅंटिक व्हर्जनिंगचा करार सोपा आहे. पहिला आकडा बदलला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा बदलला तर नवी सोय आली, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती. पण हा करार लायब्ररी लिहिणाऱ्याने मनाने पाळायचा असतो; तो मोडला तर कंपायलर त्याला अडवत नाही.

पहिला आकडा शून्य असेल तर तेवढाही करार नसतो. रिॲक्ट नेटिव्ह कित्येक वर्षं शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनवर आहे आणि तिथे मधला आकडा बदलणं म्हणजे खरं तर मोठा बदल असतो. ०.७६ मध्ये तर नवं आर्किटेक्चर आपोआप चालू झालं. एनपीएम आणि पब (अनुक्रमे रिॲक्ट नेटिव्ह आणि फ्लटरसाठी लायब्ररी आणणारी टूल्स) हे दोघेही हे ओळखून असतात, म्हणून शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनच्या आधी ^ हे चिन्ह लावलं तर ते मधला आकडा पुढे जाऊ देत नाहीत.

काही बदल मोडणारे नसतात, पण तरी घात करतात. ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीच्या ३.१३ ने २०१९ मध्ये अँड्रॉइड ५ ही किमान पातळी केली. एपीआय तोच, मेजर आकडा तोच. पण तुमचं ॲप अँड्रॉइड ४.४ चे फोन सांभाळत असेल तर ते व्हर्जन तुमच्यासाठी नव्हतंच. त्या टीमने ही गोष्ट आधी जाहीर केली आणि जुन्यांसाठी ३.१२ ची शाखा पुढे बराच काळ सांभाळली, हे आवर्जून सांगायला हवं. सगळेच इतकं करत नाहीत. म्हणून किमान ओएस पातळी हा प्रत्येक अपडेटमध्ये स्वतंत्रपणे बघायचा मुद्दा आहे.

लॉक फाइल गिटमध्ये टाकायची का?

लॉक फाइल म्हणजे प्रत्येक लायब्ररीचं नेमकं कोणतं व्हर्जन घेतलं याची नोंद, आणि गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल. ॲपच्या प्रोजेक्टमध्ये हो, नेहमी. पॉडफाइल डॉट लॉक, पबस्पेक डॉट लॉक, पॅकेज डॉट रिझॉल्व्हड, यार्न किंवा एनपीएमची लॉक फाइल, सगळ्या. ती नसेल तर तुमच्या लॅपटॉपवर एक व्हर्जन, सीआय सर्व्हरवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या) दुसरं आणि ग्राहकाच्या फोनवर तिसरं असं होऊ शकतं. मग क्रॅश रिपोर्ट वाचताना आपण नेमका कोणता कोड पाठवला होता हेच सांगता येत नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. सीआयवर लॉक फाइल पाळणारी कमांड वापरा. एनपीएममध्ये ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’ ही कमांड आहे, फ्लटरच्या ‘पब गेट’ला लॉक फाइल सक्तीने पाळायला लावणारा पर्याय आहे. कोकोपॉड्समध्ये (आयओएसच्या लायब्ररी, म्हणजे पॉड्स, आणणारं टूल) ‘पॉड इन्स्टॉल’ आणि ‘पॉड अपडेट’ यांच्यात गल्लत होते. ‘इन्स्टॉल’ लॉक फाइलमध्ये लिहिलेली व्हर्जन्स आणतं. ‘अपडेट’ ती बाजूला ठेवून नवी शोधतं, आणि पुढे नाव न देता चालवलं तर सगळ्याच पॉड्सची शोधतं. एकाच पॉडसाठी अपडेट करायचं असेल तर त्याचं नाव द्या.

ग्रेडल स्वतःहून लॉक फाइल बनवत नाही. ती सोय चालू करावी लागते. प्रत्येक ठिकाणी नेमकं व्हर्जन लिहिलेलं असेल तर ॲपसाठी बहुधा तेवढंही पुरतं.

ग्रेडलमध्ये व्हर्जनच्या जागी + लिहिलं तर नवं आपोआप मिळेल ना?

मिळेल, आणि तेच नको आहे. कोणत्या कमिटपासून (गिटमध्ये नोंदलेल्या बदलापासून) ॲप बिघडलं हे शोधायला जाल तेव्हा कमिटमध्ये काहीच बदललेलं दिसणार नाही.

मी जी लायब्ररी घेतलीच नाही तिचं नाव एररमध्ये येतं. असं का?

तुम्ही घेतलेल्या लायब्ररीने ती घेतलेली असते. दहा डिपेंडन्सी लिहिल्या तर प्रत्यक्षात शंभरेक येणं अगदी नेहमीचं आहे. दोन लायब्ररींनी एकाच तिसऱ्या लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन्स मागितली तर काय करायचं, याची प्रत्येक टूलची रीत वेगळी आहे, आणि ती माहीत असली की निम्मे एरर वाचताक्षणी कळतात.

ग्रेडल सर्वांत मोठं व्हर्जन निवडतं आणि गप्प बसतं. त्यामुळे एखादा जाहिरातींचा एसडीके वाढवला आणि भलतीच नेटवर्क लायब्ररी आपोआप वर गेली, असं घडतं. बिल्ड होतो, पण चालताना एखादी मेथड सापडत नाही म्हणून ॲप पडतं. ‘डिपेंडन्सी इनसाइट’ ही ग्रेडलची कमांड कोणामुळे कोणतं व्हर्जन आलं ते स्पष्ट दाखवते. ती हाताशी ठेवाच. पब आणि कोकोपॉड्स एका नावाचं एकच व्हर्जन ठेवतात, त्यामुळे सगळ्यांना चालेल असं सापडलं नाही तर सरळ नकार देतात. हा नकार त्रासदायक वाटतो, पण तो तुमच्यासमोर होतो, वापरणाऱ्यासमोर नाही. एनपीएम दोन्ही व्हर्जन्स शेजारी शेजारी ठेवू शकतं. रिॲक्टच्या दोन प्रती ॲपमध्ये आल्या की हुक्स (रिॲक्टची खास फंक्शन्स) विचित्र एरर देऊ लागतात, त्याचं कारण हेच.

व्हर्जन जबरदस्तीने ठरवण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे. पबमध्ये ओव्हरराइड, यार्नमध्ये रिझोल्यूशन, ग्रेडलमध्ये स्ट्रिक्टली. वापरा, पण शेजारी कॉमेंटमध्ये कारण लिहा आणि ती ओळ केव्हा काढायची तेही लिहा. कारण न लिहिलेली अशी ओळ काढायला पुढे कोणी धजावत नाही, आणि मग तीच पुढच्या प्रत्येक अपडेटला अडवून बसते.

सगळ्या लायब्ररी एकदम वाढवायच्या की एकेक?

एकेक, एका कमिटमध्ये एक. काही दिवसांनी क्रॅश दिसला तर गिट बायसेक्टने (कमिट निम्मे-निम्मे करत दोष शोधणारी कमांड) दोषी लायब्ररी सापडते. वीस लायब्ररी एका कमिटमध्ये वाढवल्या असतील तर बायसेक्ट त्या कमिटपर्यंत आणून सोडतं आणि खरा शोध तिथून सुरू होतो.

अपवाद फक्त एकमेकांना बांधलेल्या गटांचा. केएसपीची (कोटलिनमध्ये कोड आपोआप तयार करणारं टूल) २.३ आधीची व्हर्जन्स कोटलिनसोबतच न्यावी लागतात. कोटलिन २.० येण्याआधी कंपोझचा (अँड्रॉइडचे स्क्रीन लिहिण्याची सोय) कंपायलरही ठरावीक कोटलिन व्हर्जनलाच चालायचा. मे २०२४ मध्ये २.० आलं, कंपोझ कंपायलर कोटलिनच्याच सोबत रिलीज होऊ लागला आणि ती एक मोठी डोकेदुखी गेली. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन, ग्रेडल आणि जेडीके (जावाची साधनं) ही तिसरी साखळी: प्लगिनचं ८.० घ्यायचं तर जेडीके १७ लागतं. फायरबेस आणि कंपोझसाठी बीओएम (जुळणाऱ्या व्हर्जन्सची तयार यादी) वापरा; एक आकडा ठरवला की आतल्या लायब्ररींची एकमेकांशी जुळणारी व्हर्जन्स येतात. आणि बीओएम घेतल्यावर आतल्या एखाद्या लायब्ररीपुढे वेगळा आकडा लिहू नका, नाहीतर बीओएम घेण्याचा अर्थच उरत नाही.

चेंजलॉग (व्हर्जनमधल्या बदलांची यादी) खरंच वाचायला हवा का?

हो. दोन व्हर्जन्सच्या मधला सगळा, फक्त शेवटच्या व्हर्जनचा नाही. वाचताना या गोष्टी शोधा: किमान ओएस वाढली का, काही डिफॉल्ट बदललं का, काही काढून टाकलं का, नवी परवानगी किंवा नवी माहिती गोळा होऊ लागली का.

शेवटचा मुद्दा जाहिराती आणि ॲनालिटिक्सच्या एसडीकेंसाठी फार महत्त्वाचा आहे. गूगलचा मोबाइल ॲड्स एसडीके २०.४.० पासून ॲडव्हर्टायझिंग आयडीची परवानगी स्वतःच अँड्रॉइड मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) घालतो. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये ती ओळ दिसणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओच्या मर्ज्ड मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सगळ्या लायब्ररींची मॅनिफेस्ट एकत्र केलेल्या फाइलमध्ये, दिसेल. प्लेच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्ये किंवा ॲप स्टोअरच्या प्रायव्हसी माहितीत तुम्ही जे लिहून दिलंय त्याची जबाबदारी तुमची आहे, एसडीके बनवणाऱ्याची नाही. म्हणून अपडेटच्या आधीचं आणि नंतरचं मर्ज्ड मॅनिफेस्ट शेजारी ठेवून बघायची सवय लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

सुरक्षेची कोणती सूचना आली की हातातलं काम सोडायचं?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. तो दोष असलेला कोड आपल्या ॲपमध्ये प्रत्यक्ष चालतो का? बाहेरून आलेली माहिती, म्हणजे इमेज, लिंक, सर्व्हरचं उत्तर, त्या कोडपर्यंत पोहोचते का? त्याचा गैरवापर चालू असल्याचं जाहीर झालंय का? तिन्हींना हो असेल तर आजच.

दोन उदाहरणं नीट समजून घेण्यासारखी आहेत. आयओएसची एएफनेटवर्किंग ही एकेकाळची सर्वांत लोकप्रिय नेटवर्क लायब्ररी. २०१५ मध्ये तिच्या २.५.१ व्हर्जनमध्ये अशी चूक शिरली की एसएसएल सर्टिफिकेटची (समोरचा सर्व्हर खरा असल्याच्या पुराव्याची) तपासणीच होत नव्हती. सार्वजनिक वायफायवर मध्ये बसलेला कोणीही ॲपचं बोलणं वाचू शकत होता. २.५.२ मध्ये दुरुस्ती आली, पण कित्येक ॲप्स २.५.१ वरच थांबलेली सापडली. दोष नव्या व्हर्जनने आणला आणि तो काढलाही नव्याच व्हर्जनने. अपडेट घेतला की सुटलो असं नसतं, घेत राहावं लागतं.

दुसरं लिबवेबपी या वेबपी इमेज वाचणाऱ्या लायब्ररीचं. सप्टेंबर २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-४८६३ या क्रमांकाचा सुरक्षेचा दोष जाहीर झाला. वेबपी इमेज वाचताना मेमरीच्या बाहेर लिहिलं जात होतं, आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होत होता. सुरुवातीला तो क्रोमचा दोष म्हणून नोंदला गेला. खरं तर तो लिबवेबपीमध्ये होता, आणि लिबवेबपी असंख्य फ्रेमवर्क आणि इमेज लायब्ररींच्या पोटात होती. इथे दोष शोधणारे स्कॅनर कमी पडतात. ते तुमच्या फाइलमध्ये लिहिलेली नावं आणि व्हर्जन्स ओएसव्ही किंवा गिटहबच्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीशी ताडून बघतात. एसओ फाइलच्या आत कंपाइल होऊन बसलेली सी लायब्ररी त्यांना बहुधा दिसतच नाही. त्यामुळे इमेज, व्हिडिओ, फाँट, पीडीएफ आणि क्रिप्टोग्राफी यांच्या नेटिव्ह लायब्ररी कोणत्या आहेत याची छोटी यादी हाताने करून ठेवा. त्या अपडेट करण्यात कधीच ढिलाई नको.

सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२४ च्या मोबाइल धोक्यांच्या टॉप टेन यादीत पुरवठा साखळीची (बाहेरून येणाऱ्या कोडची) सुरक्षा दुसऱ्या क्रमांकावर आहे, ते उगाच नाही.

मग नवं व्हर्जन आलं की त्याच दिवशी घेऊ का?

सुरक्षेची दुरुस्ती नसेल तर नको. काही दिवस जाऊ द्या.

लायब्ररीचं नवं व्हर्जन तिच्या खऱ्या लेखकानेच टाकलंय असं गृहीत धरता येत नाही. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजचा ताबा एका अनोळखी मदतनिसाकडे गेला आणि त्यात कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेट ॲपवर नेम धरून चोरी करणारा कोड घुसवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारखी, जवळपास प्रत्येक जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये कुठे ना कुठे असणारी पॅकेजेस, सांभाळणाऱ्याचं खातं फसवणुकीने मिळवून दूषित केली गेली. ती व्हर्जन्स काही तासांतच काढली गेली. ज्यांनी चार दिवस थांबायचा नियम ठेवला होता त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाहीत. रेनोव्हेट, डिपेंडाबॉट (दोन्ही नवे अपडेट सुचवणारे बॉट) आणि पीएनपीएम (एनपीएमसारखं टूल) या तिघांमध्येही असा थांबण्याचा काळ ठरवता येतो.

अँड्रॉइडवाल्यांनी ग्रेडलची डिपेंडन्सी व्हेरिफिकेशन बघावी. डाउनलोड झालेल्या प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) ती ताडून बघते. सुरुवातीला चिकट काम आहे, पण बँकिंग किंवा आरोग्याचं ॲप असेल तर मी ते टाळणार नाही. कंपनीच्या खासगी लायब्ररी वापरत असाल तर त्या नावांचे ग्रुप फक्त खासगी रिपॉझिटरीतूनच (लायब्ररींच्या साठ्यातूनच) यावेत असा फिल्टर लावा, म्हणजे त्याच नावाने बाहेर कोणी काही टाकलं तरी ते तुमच्याकडे येणार नाही.

डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेट लावला की प्रश्न सुटतो का?

नवं काय आलंय हे कळण्याचा प्रश्न सुटतो. ते घ्यावं की नाही हे ठरवायचं काम तुमच्याकडेच राहतं.

बॉट लावल्यावर पहिल्या आठवड्यात पुल रिक्वेस्टची (बदल कोडमध्ये घ्या अशा विनंत्यांची) रांग लागते, दुसऱ्या आठवड्यात कोणी बघत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात त्या रांगेतली सुरक्षेची सूचनाही कोणाच्या नजरेस पडत नाही. हे होऊ नये म्हणून सुरुवातीलाच बांधा: एकमेकांशी बांधलेल्या लायब्ररींचे गट करा, एकावेळी उघड्या राहणाऱ्या रिक्वेस्टची मर्यादा ठेवा, आणि आठवड्याचा एक दिवस व एक माणूस ठरवा. तो माणूस आळीपाळीने बदलत ठेवा. एकाच माणसाला सगळं माहीत असणं हाही एक प्रकारचा धोका आहे. आपोआप मर्ज होण्याची परवानगी फक्त टेस्टिंग आणि लिंटिंगच्या (कोडमधल्या ढोबळ चुका दाखवणाऱ्या) टूल्सना द्या. जो कोड ग्राहकाच्या फोनवर जातो तो माणसाने बघूनच जावा.

आमच्याकडे टेस्ट फारशा नाहीत. अपडेटनंतर हाताने काय तपासू?

सर्वांत आधी रिलीज बिल्ड. डीबग बिल्डवर सगळं छान चालतं आणि रिलीजमध्ये पडतं, याचं नेहमीचं कारण आर८ हा अँड्रॉइडचा कंपायलर. तो न वापरलेला कोड काढतो आणि नावं बदलतो. रिफ्लेक्शनवर (ॲप चालताना नावाने कोड शोधण्यावर) चालणाऱ्या लायब्ररींना ते सोसत नाही. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८.० पासून आर८चा फुल मोड आपोआप चालू झाला, तेव्हा जीसॉन (जेसन डेटा वाचणारी लायब्ररी) वापरणाऱ्या पुष्कळ ॲप्सना नव्या कीप रूल्स, म्हणजे काय काढू नये याचे नियम, लिहाव्या लागल्या. डीबगवर हे दिसणं शक्यच नव्हतं.

मग स्टोअरवरचं सध्याचं ॲप फोनवर घ्या, लॉगिन करा, थोडा डेटा साठवा आणि त्याच्यावरच नवा बिल्ड टाका. ही तपासणी सर्वांत जास्त विसरली जाते आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते. आपण डेव्हलपर दिवसभर ॲप पुसून नव्याने टाकत असतो, तर वापरणारा जवळपास नेहमीच जुन्यावर नवं घेत असतो. डेटाबेसचं मायग्रेशन, साठवलेलं टोकन, एन्क्रिप्ट केलेल्या प्रेफरन्सेस, अर्धवट राहिलेलं डाउनलोड, हे सगळं याच वाटेवर मोडतं.

तिसरं, तुम्ही सांभाळत असलेल्या सर्वांत जुन्या ओएसचा एक खरा फोन. नव्या एपीआयला हात लावणारी लायब्ररी तिथेच उघडी पडते. त्यानंतर पुश नोटिफिकेशन, डीप लिंक (ॲपमधलं नेमकं पान उघडणारी), पेमेंट, कॅमेरा आणि ॲप बंद असताना येणाऱ्या गोष्टी. शेवटी ॲपचा आकार आधीच्या बिल्डशी ताडून बघा; अचानक दोन-चार एमबी वाढले असतील तर काहीतरी नवं आत आलंय आणि ते काय आहे हे माहीत असायला हवं.

अपडेटनंतर बिल्डच होत नाही. सुरुवात कुठून करू?

पहिला एरर वाचा, शेवटचा नाही. खालच्या शंभर ओळी बहुधा त्याचेच पडसाद असतात. मग जेडीके कोणतं चालतंय ते बघा. टर्मिनलचं आणि अँड्रॉइड स्टुडिओचं वेगळं असू शकतं. फ्लटरमध्ये अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८.० नंतर ‘नेमस्पेस दिलेली नाही’ असा एरर आला तर दोष तुमच्या कोडचा नसतो, एखाद्या जुन्या फ्लटर प्लगिनने ती ओळ लिहिलेली नसते. त्या प्लगिनचं नवं व्हर्जन शोधा. कॅश पुसणं हा शेवटचा उपाय ठेवा. त्याने बिल्ड सुरू झाला तरी कारण कळत नाही.

दोन-तीन वर्षं हात न लावलेला प्रोजेक्ट हाती आलाय. काय करू?

आधी तो आहे तसा बिल्ड करून दाखवा. हे वाटतं तितकं सोपं नसतं. जुन्या अँड्रॉइड प्रोजेक्टमध्ये जेसेंटर या लायब्ररींच्या रिपॉझिटरीचं नाव लिहिलेलं सापडेल. ती रिपॉझिटरी बंद होत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं होतं, त्यामुळे तिथल्या काही लायब्ररी आता दुसरीकडे शोधाव्या लागतील किंवा सोडाव्या लागतील. स्टोअरवर असलेल्या ॲपइतकाच बिल्ड हाती आला की तिथे टॅग मारा. यापुढे काहीही मोडलं तरी परतायला एक जागा आहे.

दुसरं काम काढून टाकण्याचं. न वापरलेल्या लायब्ररी काढा. जी कोणी वापरतच नाही ती अपडेट करण्यात वेळ घालवू नका.

मग टूल्सची साखळी, एकेक पायरी चढत. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारायचा मोह होतो, पण मधल्या व्हर्जन्स तुम्हाला इशारे देतात: हे जुनं झालंय, त्याऐवजी हे वापरा. उडी मारली तर इशारे गेलेले असतात आणि उरतात फक्त एरर. फ्लटरमध्ये तर मधली पायरी चुकवताच येत नाही. मे २०२३ च्या डार्ट (फ्लटरची भाषा) ३ पासून नल सेफ्टी (रिकाम्या किमतीमुळे होणाऱ्या चुका रोखणारी सोय) नसलेला कोड चालतच नाही, आणि जुना कोड बदलून देणारं मायग्रेशन टूल डार्ट २.१९ पर्यंतच आहे. म्हणून आधी २.१९ वर या, तिथे कोड बदला, मग ३ वर जा. रिॲक्ट नेटिव्हसाठी अपग्रेड हेल्पर दोन व्हर्जन्समधल्या टेम्प्लेटचा फरक फाइलनिहाय दाखवतो. नेटिव्ह फोल्डरमधले बदल त्याच्याशी ताडून हाताने करा. अँड्रॉइडमध्ये जेटिफायर (जुन्या सपोर्ट लायब्ररीवरचा कोड तिच्या जागी आलेल्या अँड्रॉइडएक्सवर चालवणारं टूल) अजून चालू असेल तर तो कोणत्या लायब्ररीसाठी लागतोय ते शोधा. अँड्रॉइडएक्स २०१८ मध्ये आलं; अजूनही जुन्या सपोर्ट लायब्ररीवर बसलेली लायब्ररी कोणी सांभाळत नाही असं खुशाल धरा.

या सगळ्यात नवं फीचर घालू नका आणि ‘आता सगळं नव्यानेच लिहू’ या बोलण्याला लगेच हो म्हणू नका. दर पायरीला रिलीज करता आला तर उत्तमच.

लायब्ररी सोडून दिलेली आहे हे कसं ओळखायचं? आणि मग काय?

शेवटचा रिलीज जुना असणं एवढ्यावरून ठरवू नका. लहान, पूर्ण झालेली लायब्ररी वर्षभर बदलली नाही तर बिघडत नाही. नव्या ओएसचे बग नोंदवलेत आणि कोणी उत्तर देत नाही, तयार दुरुस्त्या मर्ज होत नाहीत, ही खरी लक्षणं. काही जण प्रामाणिकपणे सांगतातही. एएफनेटवर्किंगने २०२३ मध्ये तसं जाहीर केलं, आरएक्सजावा २ चा आधार २८ फेब्रुवारी २०२१ ला संपेल हे आधीच सांगितलेलं होतं.

लायब्ररी लहान असेल तर तिचा कोड लायसन्ससह स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये घ्या. मोठी असेल तर बदला. आणि बदलणं सोपं जावं म्हणून बाहेरच्या लायब्ररीभोवती आपला एक पातळ थर ठेवा, निदान ॲनालिटिक्स, इमेज लोडिंग आणि नेटवर्कपुरता तरी. प्रत्येक गोष्टीभोवती थर बांधत बसलात तर तेच एक वेगळं ओझं होतं.

कोकोपॉड्स बंद होणार आहे का?

टीमने जाहीर केलेल्या आराखड्यानुसार २ डिसेंबर २०२६ ला मुख्य स्पेक्स रिपॉझिटरी (सगळ्या पॉड्सची नोंद) फक्त वाचण्यापुरती राहील. आधीचे पॉड्स मिळत राहतील, बिल्ड चालू राहतील, पण तिथे नवी व्हर्जन्स येणार नाहीत. म्हणजे त्या तारखेनंतर सापडलेल्या दोषाची दुरुस्ती त्या वाटेने तुमच्यापर्यंत येणार नाही. स्विफ्ट पॅकेज मॅनेजर (लायब्ररी आणण्याचं ॲपलचं टूल) आणि कोकोपॉड्स एकाच प्रोजेक्टमध्ये सोबत राहू शकतात, त्यामुळे एकेक लायब्ररी हलवा.

आम्ही काहीच बदललं नाही, तरी ॲप अचानक क्रॅश होऊ लागलं. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. ६ मे आणि १० जुलै २०२० ला फेसबुकचा एसडीके असलेली असंख्य आयओएस ॲप्स उघडताक्षणी पडू लागली, स्पॉटिफायसारखी मोठी ॲप्सही. कोणीही नवा बिल्ड टाकलेला नव्हता. फेसबुकच्या सर्व्हरवरून येणारी माहिती बदलली होती आणि एसडीकेला ती पचली नाही. ॲप सुरू होताना सर्व्हरशी बोलणारा प्रत्येक एसडीके असं करू शकतो. शक्य असेल तिथे तो उशिरा सुरू करा, आणि तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून तो बंद करता येईल असा स्विच ठेवा. हा स्विच एसडीके सुरू होण्याआधी वाचला जायला हवा. शेवटची साठवलेली किंमत फोनवर ठेवली तर ते जमतं.

मॅनेजर या कामाला वेळ देत नाहीत. काय सांगू?

वेगळा वेळ मागू नका. प्रत्येक रिलीजच्या अंदाजातच अपडेटचे काही तास धरा, जसे टेस्टिंगचे धरता. आणि पुढच्या वर्षभरातल्या स्टोअरच्या तारखा एका कागदावर मांडून दाखवा, प्रत्येक तारखेसमोर आपली कोणती लायब्ररी अडणार ते लिहून. तांत्रिक कर्ज हा शब्द ऐकून कोणी हलत नाही. ‘या तारखेनंतर आपल्याला ॲपचा अपडेट टाकता येणार नाही’ हे वाक्य मात्र सगळ्यांना कळतं.

नवी लायब्ररी घेण्याआधी काय बघावं?

ती सोबत काय काय आणते, सर्वांत आधी हे. मग किती जण सांभाळतात, किमान ओएस काय आहे, नेटिव्ह कोड आहे का, प्रायव्हसी मॅनिफेस्ट आहे का. पन्नास ओळींत स्वतः लिहिता येण्यासारखं असेल तर लिहा. क्रिप्टोग्राफी मात्र पन्नास ओळींत बसत असली तरी स्वतः लिहू नका.

अपडेटमध्ये लायसन्सही बदलू शकतं का?

हो, आणि मेजर व्हर्जनसोबत बदलण्याची शक्यता जास्त. लायसन्सची यादी काढणारं प्लगिन सीआयवर चालवा आणि आधीच्या यादीत नसलेलं लायसन्स दिसलं तर बिल्ड थांबू द्या. ॲपच्या सेटिंग्जमध्ये दाखवलेली ओपन सोर्स लायसन्सची यादीही त्याच प्लगिनकडून भरून घ्या. हाताने लिहिलेली यादी पहिल्याच अपडेटनंतर चुकीची ठरते.